फोन केला, गाडी आली. पुढे त्या मुलीचं काय होतं?

ओवळ्याची_पूर्वा (धागा सुरू, मंगळवार रात्री ११.४०)

आमची सोसायटी घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या पुढे. दिवाळीनंतर सातव्या मजल्यावरच्या घरी एक मुलगी आली. दहा-अकरा वर्षांची. कडेवर त्यांचं दीड वर्षाचं बाळ. सकाळी सोसायटीतली मुलं शाळेच्या बसची वाट बघत असायची तेव्हा ही झोपाळ्यापाशी बाळाला घेऊन उभी. बाळ चांगलं गुटगुटीत, त्याच्या वजनाने ती एका अंगाला कलायची.

एकदा लिफ्टबाहेर सूचना लागली होती. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होती. 'देखभालीसाठी'ला अडली, परत पहिल्यापासून सुरुवात केली आणि 'बंद'पर्यंत पोचल्यावर माझ्याकडे बघून हसली. मी विचारलं, कितवीत आहेस? म्हणाली, "तिसरीपर्यंत होते."

तिच्या मालकीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, इथे दोन वेळ पोटभर जेवते, अंगभर कपडे आहेत, गावी काय मिळणार होतं? जूनमध्ये शाळेत घालणार आहोत. मी तीन आठवडे विचार करत राहिले आणि शेवटी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर, फोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन कार्यकर्त्या आणि साध्या कपड्यांतल्या एक महिला पोलीस आल्या. मुलगी खूप रडली. गाडीत चढता चढता मागे वळून तिने विचारलं, "बाळाला आता कोण घेणार?"

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी बरोबर केलं का? तिचं पुढे नेमकं काय होतं? आणि जगात बाकी ठिकाणी हे कसं करतात, कुठे याहून बरी पद्धत आहे का? या क्षेत्रात काम केलेल्यांनी जरूर लिहा.

---

कळवा_पूर्व

बरोबरच केलंत. घरकामाला १४ वर्षांखालचं मूल ठेवायला ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर १४ च्या आत कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, फक्त स्वतःच्या कुटुंबाला शाळा सांभाळून केलेली मदत आणि बालकलाकारांचं काम तेवढं वगळलं आहे. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड. जूनमध्ये शाळेत घालू म्हणणारे डिसेंबरात तिला बाळ सांभाळायला का ठेवतात, हा प्रश्न त्यांनाच विचारा.

---

सदाफुली

ताई, रडू आलं वाचून. त्या पोरीला बाळाची काळजी, आणि तिची काळजी कोणाला?

---

खाडीवारा

मी थोडं वेगळं लिहितो, राग मानू नका.

फोन करण्याआधी त्या मुलीच्या आईशी कोणी बोललं होतं का? आईने तिला का पाठवलं, घरी काय परिस्थिती आहे, हे कोणालाच माहीत नाही. आता ती कुठल्यातरी बालगृहात पन्नास अनोळखी मुलींत झोपत असेल. कायदा पाळला गेला, तुमच्या मनावरचं ओझं उतरलं, पण तिचं उतरलं का?

परदेशाचं म्हणाल तर २०११ साली नॉर्वेत एका भारतीय दांपत्याची दोन लहान मुलं बालकल्याण खात्याने काढून घेतली होती. आपल्या सरकारला मध्ये पडावं लागलं, तेव्हा पुढच्या वर्षी मुलं काकांच्या ताब्यात भारतात आली. इतका श्रीमंत देश, इतके शिकलेले समाजसेवक, आणि हे असं. मूल उचलायला अर्धा तास लागतो. परत घरी बसवायला किती लागतो ते बघा.

---

ओवळ्याची_पूर्वा

खाडीवारा, राग नाही. आईशी बोलले नव्हते हे खरं आहे. नंबर मागितला होता, मालकीणबाईंनी दिला नाही. तुमचं शेवटचं वाक्य मात्र लागलं, कारण माझीही भीती तीच आहे.

---

मेघना_क्षेत्रकार्य

मी समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे. चौदा वर्षं मुलांसोबत काम करते आहे, त्यातली बरीचशी ठाणे जिल्ह्यातच. आधी एक विनंती: पूर्वा, तुमच्या पोस्टमध्ये मुलीचं गाव किंवा इमारतीचं नाव नाही ते चांगलं आहे, पुढेही लिहू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही. फोटो असेल तर फोनमधूनही काढून टाका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मुलीला २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. समितीत एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यात किमान एक बाई. वैद्यकीय तपासणी होते. तात्पुरतं राहायला बालगृहात पाठवतात. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यायला हवा आणि चार महिन्यांत समितीने शेवटचा निर्णय द्यायला हवा.

हे झालं कागदावरचं. खरं काम त्या अहवालात असतं आणि ते आम्ही करतो. आमच्या बोलीत त्याला गृहभेट म्हणतात. एसटीने गाव गाठायचं, पुढे कोणाच्या तरी दुचाकीवर बसून वाडीवर. आई कामावर गेलेली असते, म्हणून संध्याकाळपर्यंत ओट्यावर बसून राहायचं. मी घरात शिरले की आधी खुंटीकडे बघते. दप्तर टांगलेलं आहे का, कोणाचं आहे, त्यावर धूळ किती आहे. मग रेशनकार्डावर मुलीचं नाव आहे का ते बघते. एकदा एका घरी मुलीचं दप्तर व्यवस्थित धुऊन, घडी घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलेलं होतं. आई म्हणाली, "ती आली की लागेल." त्या एका दप्तरावरून मी अहवालात लिहिलं की हे मूल घरीच परत गेलं पाहिजे, मदत घराला करा.

मारहाण, छळ, विक्री असला प्रकार नसेल तर बहुतेक वेळा गरिबी आणि कर्ज हेच कारण निघतं. त्यावर उपाय बालगृह नाही. खाडीवारा यांचं म्हणणं इथपर्यंत मला मान्य आहे. पण म्हणून फोनच करू नये हे अजिबात मान्य नाही. फोन झाला नसता तर त्या आईच्या दारात आमच्यापैकी कोणीही कधी पोचलं नसतं.

---

टिटवाळा_लोकल

ताई, अजून लिहा. वाचतोय.

---

नेरूळची_माई

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका, वय ७४. नातवाने टंकायला शिकवलं आहे, चुका झाल्या तर समजून घ्या.

पूर्वाताईंनी विचारलं की जगात कुठे बरी पद्धत आहे. अहो, आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती! डहाणूजवळचं कोसबाड तेव्हा ठाण्यातच मोडायचं, पालघर वेगळा झाला तो २०१४ साली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. आदिवासींची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळा पाड्यावर नेली. आंघोळ घालण्यापासून सुरुवात. मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली. तीच कुरणशाळा. आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण घरी राहते, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली. धाकटं पाळणाघरात, थोरली वर्गात!

तुमच्या त्या मुलीचा प्रश्न "बाळाला कोण घेणार" हाच होता ना? या दोघींनी तो सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ऐकला आणि त्याच्यावर शाळा उभी केली. अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कामातून आला. सरकारची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली.

मी स्वतः तरुणपणी कोसबाडला चार दिवस राहून आले आहे. गवतात बसलेली मुलं दगड, शंख, बिया यांवर गणित करत होती. एक मुलगा शेळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून पाढे म्हणत होता. शेळीने ओढलं की पाढा चुकायचा आणि सगळा वर्ग हसायचा, बाईंसकट.

---

सदाफुली

माई, ती शेळी डोळ्यासमोर उभी राहिली :) अजून लिहा ना.

---

तुर्भे_शिफ्ट

मी कधी लिहीत नाही इथे, नुसतं वाचतो. आज लिहितो.

मी वीटभट्टीवर वाढलो. आमचे आईबाप पावसाळ्यात बयाणा घ्यायचे. घरात तेव्हा दाणा नसतो, म्हणून हातात पैसे आले की बरं वाटतं. दिवाळी झाली की शेठचा ट्रक यायचा. भिवंडीकडच्या भट्टीवर जायचं ते पाऊस पडायच्या आधी परत. बयाणा फिटला नाही तर पुढच्या वर्षी परत तीच भट्टी. राहायला विटा रचून त्याच्यावर पेंढा टाकलेलं खोपटं, त्याला भोंगा म्हणतात. वाकूनच आत जायला लागतं. माझं काम कच्च्या विटा पलटायचं. ऊन लागून सगळ्या बाजूंनी सुकल्या पाहिजेत. सकाळी आठपर्यंत हजार पलटायच्या, तोपर्यंत बोटांची कातडी निघालेली असायची. मला कोणी कामावर ठेवलं नव्हतं. हजेरीत माझं नाव नव्हतं. म्हणून कोणी मला सोडवायला पण आलं नाही.

एका वर्षी भट्टीवरच भोंगा शाळा आली. विधायक संसद नावाच्या संस्थेच्या लोकांनी चालवलेली. तसंच खोपटं, आत एक फळा आणि गावातलाच बारावी झालेला पोरगा शिकवायला. तो आधी बापाशी बोलायचा, मग मला न्यायचा. बाप नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी परत यायचा. किती दिवस आला मोजले नाहीत, पण बाप कंटाळून हो म्हणाला. आज मी तुर्भ्याला कारखान्यात मशीनवर आहे, माझी मुलगी आठवीत आहे.

सरांना समाजसेवक हा शब्द मला तेव्हा माहीत नव्हता. आम्ही त्यांना 'परत येणारे सर' म्हणायचो.

---

कळवा_पूर्व

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं केलंत. "हजेरीत माझं नाव नव्हतं" हे वाचून मी कायदा सांगायची माझी घाई थांबवतो.

---

मेघना_क्षेत्रकार्य

तुर्भे_शिफ्ट, 'परत येणारे सर'. आमच्या अभ्यासक्रमात पाठपुरावा नावाचा अख्खा विषय आहे, तो तुम्ही दोन शब्दांत सांगितलात. उद्या ऑफिसमध्ये सगळ्यांना वाचून दाखवणार आहे.

---

हेलसिंकीतून_ठाणेकर

पाचपाखाडीत वाढलो, गेली बारा वर्षं फिनलंडमध्ये. जगाबद्दल विचारलं आहे म्हणून लिहितो.

इथे मुलगी झाली तेव्हा सरकारकडून एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आला. कपडे, दुपटी, थंडीचा सूट, आणि तळाला गादी, म्हणजे खोकाच बाळाचा पाळणा. १९३८ पासून गरीब मातांना देत होते, १९४९ पासून सगळ्यांना. अट एकच, गरोदरपणात ठरावीक महिन्यांच्या आत दवाखान्यात नाव घालायचं. मला ती अट आवडली. खोक्याच्या निमित्ताने प्रत्येक आई नर्सच्या नजरेत येते आणि अडचण असेल तर मूल जन्मायच्या आधीच कळते.

शेजारच्या स्वीडनने १९७९ साली मुलांना मारणं कायद्याने बंद केलं, घरातसुद्धा. जगात पहिलाच देश.

पण खाडीवारा यांनी नॉर्वेचं काढलं आहे, तेही खोटं नाही. मुलं आईबापांपासून तोडण्यावरून नॉर्वेविरुद्ध युरोपियन मानवी हक्क न्यायालयात बरेच खटले गेले आणि २०१९ साली त्या न्यायालयाच्या मोठ्या पीठानेही एका प्रकरणात नॉर्वेने चूक केल्याचा निकाल दिला. इथल्या आणि तिथल्या कार्यकर्त्यांशी बोलल्यावर मला एक जाणवलं आहे. पैसा, कायदा, शिक्षण सगळं असूनही समोरच्या घराची भाषा आणि रीत कळत नसेल, तर हाताने भरवणं आणि मुलाला कुशीत घेऊन झोपणंही संशयास्पद वाटू शकतं.

---

खाडीवारा

तेच तर म्हणतोय. आणि हे नवं नाही. ऑस्ट्रेलियाने आदिवासींची मुलं "त्यांच्या भल्यासाठी" पिढ्यान् पिढ्या उचलून नेली, फेब्रुवारी २००८ मध्ये पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडाने आदिवासींची मुलं घरापासून तोडून ठेवलेल्या निवासी शाळांबद्दल मागितली. तिथे मुलांना त्यांची भाषा बोलू देत नव्हते. ती मुलं नेणारे सगळे दुष्ट नव्हते, त्यांनाही आपण भलं करतोय असंच वाटत होतं. मला भीती वाटते ती चांगल्या माणसांच्या खात्रीची.

---

घंटाळी_वाचक

दुसरी बाजूही लक्षात घ्या. १८७४ साली न्यूयॉर्कमध्ये मेरी एलन नावाच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा घरात भयंकर छळ चालला होता. वस्तीत येणाऱ्या एका सेवाभावी बाईने ते पाहिलं आणि दारोदार फिरली. शेवटी प्राण्यांच्या छळाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाने लक्ष घातलं तेव्हा खटला उभा राहिला. मुलांसाठीची तशी संस्था त्यानंतरच निघाली. जनावरांना वाली आधी मिळाला, मुलांना नंतर.

आणि त्याच १८७४ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी यशवंतला दत्तक घेतलं. विधवा आईच्या पोटी जन्मलेलं मूल. त्याच्या अकरा वर्षं आधी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. तिथे बाई गुपचूप यायची, बाळंत व्हायची, मूल ठेवून जायचं तर ठेवून जायची, तिला दोष देणारं कोणी नव्हतं. मुलाला वाचवायचं तर आईची इज्जत राखावी लागते हे त्या दोघांना कळलं होतं. या धाग्यावर मालकीणबाई, आई, सरकार सगळ्यांना दोष देऊन झाला, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

---

टिटवाळा_लोकल

अवांतर: एग्लंटाइन जेब यांच्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पहिलं महायुद्ध संपलं तरी ब्रिटनची नाकेबंदी चालू होती, ऑस्ट्रिया-जर्मनीत मुलं उपाशी मरत होती. या बाईंनी १९१९ साली लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात उपाशी मुलांच्या फोटोची पत्रकं वाटली. शत्रूची मुलं! अटक झाली, पाच पौंड दंड झाला. आणि त्यांच्याविरुद्ध खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलानेच ते पाच पौंड आपल्या खिशातून दिले. त्यातूनच 'सेव्ह द चिल्ड्रन' उभी राहिली. १९२४ मध्ये राष्ट्रसंघाने मुलांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला तो त्यांनीच लिहिलेला होता, अवघे पाच मुद्दे. त्याचंच पुढे २० नोव्हेंबर १९८९ ला संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत ५४ कलमांचं झाड झालं. भारत त्यात डिसेंबर १९९२ ला आला. अमेरिकेने अजूनही मंजूर केलेली नाही.

---

मेघना_क्षेत्रकार्य

खाडीवारा यांना नीट उत्तर द्यायचं होतं, म्हणून रविवारची वाट बघितली.

चांगल्या माणसांच्या खात्रीची भीती मलाही वाटते. म्हणूनच शिकलेला, पगारी, देखरेखीखाली काम करणारा समाजकार्यकर्ता लागतो. फक्त दया असलेला माणूस मूल उचलून आणतो. शिकलेल्याला आधी सिद्ध करावं लागतं की उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे की केवळ गरिबी हे मुलाला कुटुंबातून काढायचं कारण असूच शकत नाही. उलट गरिबी दिसली तर त्या कुटुंबाला आधार देण्याची गरज आहे, असा त्याचा अर्थ घ्यायचा.

संस्थेत मुलाचं काय होतं याचा मोठा धडा रोमानियाने दिला. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी घातली, पोसायला न झेपणारी मुलं अनाथालयांत भरली गेली. १९८९ मध्ये तो गेल्यावर जगाने ती अनाथालयं पाहिली. रांगेने पाळणे, आणि बाळं रडत नव्हती, कारण रडल्यावर कोणी येत नाही हे ती शिकली होती. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ बाळांचा अभ्यास झाला. निम्मी चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून प्रशिक्षित पालककुटुंबांत, म्हणजे दुसऱ्याचं मूल आपल्या घरी सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवली, निम्मी होती तशी. कुटुंबात गेलेल्यांची वाढ, बुद्धी, माया लावायची ताकद सगळं सुधारलं, आणि दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त.

म्हणून आता आमच्याकडेही बालगृह हा शेवटचा पर्याय. आधी आईबाप, मग मामा-काका-आजी, मग पालककुटुंब. आणि घराला पैशाचा आधार. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला २२५० रुपये मिळतात, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वात ४०००. प्रायोजकत्वाला ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्न ७२ हजारांच्या आत, इतरत्र ९६ हजारांच्या आत लागतं. चार हजारांत घर चालत नाही हे मलाही दिसतं. पण पोरीला शहरात पाठवून आईला जे मिळतं, त्याच्या तोडीस तोड ते असतं, आणि पोरगी घरी राहते.

अडतं कुठे ते सांगते. ही पदं बहुतेक कंत्राटी आहेत. दर वर्षी नेमणुकीची ऑर्डर येईपर्यंत जीव टांगणीला. माझ्या दोन उत्तम सहकारी बँकेत आणि विमा कंपनीत गेल्या. त्यांच्याकडच्या मुलांच्या फायली माझ्याकडे आल्या, पण त्या मुलांशी त्यांचं जे नातं जुळलं होतं ते फायलीत कुठून येणार? तुर्भे_शिफ्ट यांचे सर परत आले. आमच्यातल्या किती जणी परत जाऊ शकतात? मुलांसाठी काही मागायचंच असेल तर आधी हे मागा.

---

सीवूड्स_संध्या

मेघनाताई, हे मी जवळून पाहिलं आहे. नात्यातला एक मुलगा आई वारल्यावर एका संस्थेत होता, नाव लिहीत नाही. दहा महिन्यांत चार कार्यकर्त्या बदलल्या. प्रत्येक नवी बाई आली की त्याला विचारायची, "बाळा, आई कशी वारली ते सांग." चौथ्या वेळी तो म्हणाला, "आधीच्या बाईंना विचारा, त्यांना सांगितलंय." त्यानंतर तो त्या विषयावर कोणाशीच बोलला नाही. आता तो आत्याकडे आहे, बरा आहे.

---

पाचपाखाडी_चहा

वाचून मन जड झालं, म्हणून एक चांगली गोष्ट सांगतो. तीन हात नाक्याच्या पुलाखाली जी सिग्नल शाळा आहे, ठाणे महापालिका आणि समर्थ भारत व्यासपीठाची, जून २०१६ पासूनची, तिथे मी काही महिने शनिवारी गणित शिकवायला जात होतो. कंटेनरमधले वर्ग. सिग्नलला गजरे विकणारी मुलं, बरीचशी मराठवाड्यातून आलेल्या पारधी कुटुंबांतली. मी विचारलं, दोन मिनिटांच्या सिग्नलला किती सेकंद? एक पोरगा फळ्याकडे न बघता म्हणाला, "सर, तीन हात नाक्याला दोन मिनिटांचा सिग्नलच नाहीये. कुठला घेऊ ते सांगा." मग त्याने मला सगळे सिग्नल सेकंदांसकट म्हणून दाखवले. पुढच्या शनिवारी घड्याळ लावून बघितलं, एकही चुकला नव्हता.

---

नेरूळची_माई

याला म्हणतात शिक्षण! ताराबाई असत्या तर त्या सिग्नलवरच पुस्तक काढलं असतं.

---

कळवा_पूर्व

जगाचे आकडे शोधले. २०२० साली १६ कोटी बालमजूर होते, २०२४ मध्ये १३ कोटी ८० लाख. त्यातले सुमारे ६१ टक्के शेतीत, आणि जवळजवळ दोनतृतीयांश सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत. २०२५ पर्यंत बालमजुरी संपवायचं जगाने ठरवलं होतं, ते हुकलं. तरी चार वर्षांत दोन कोटींवर मुलं कमी झाली. कुठेतरी कोणीतरी परत परत जातंय.

---

खाडीवारा

मेघनाताई, तुमचं उत्तर दोनदा वाचलं. पहिल्या प्रतिसादात मी पूर्वाताईंच्या मनावरच्या ओझ्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. एक विचारतो: आमच्यासारख्या नोकरदार माणसाने नेमकं काय करावं? देणगी सोडून.

---

मेघना_क्षेत्रकार्य

मूल कामावर दिसलं तर १०९८. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून १९९६ साली मुंबईत ही सेवा सुरू झाली. २०२३ पासून ती सरकार चालवतं, ११२ शीही जोडली आहे. फोन केल्यावर दिलेला संदर्भ क्रमांक जपून ठेवा आणि पंधरा दिवसांनी विचारा, अहवाल झाला का. बाहेरचं कोणी विचारतंय म्हटल्यावर फाईल हलते, हे चौदा वर्षांच्या अनुभवाने सांगते. शिवाय तुमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर काढता आलं तर बघा. माईंनी वर लिहिलंच आहे.

---

ओवळ्याची_पूर्वा (पाच आठवड्यांनी)

सगळ्यांचे आभार मानायला आणि कळवायला आले आहे. ओळख पटेल असं काही लिहीत नाही.

माझा जबाब घ्यायला परवा एक परिविक्षा अधिकारी बाई आल्या होत्या. त्या स्वतः गावी जाऊन आल्या. वडील नाहीत, आई मजुरीला जाते, धाकटे दोघे भाऊ. आजारपणातलं देणं होतं. समितीने मुलीला आईकडे पाठवलं आहे, प्रायोजकत्वाचा अर्ज झाला आहे, पैसे अजून सुरू झालेले नाहीत. मी संदर्भ क्रमांक लिहून ठेवला आहे, दर पंधरा दिवसांनी विचारणार आहे.

मालकीणबाईंवर गुन्हा दाखल झाला. लिफ्टमध्ये आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नाही. पण बाळ आता खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात जातं, रोज सकाळी दिसतं. मी अधिकारी बाईंना म्हटलं, तिला एवढं नक्की सांगा, बाळाला घ्यायला माणूस आहे. त्या म्हणाल्या, "तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आता सांगते."

मेघनाताई, तिला गोष्टींची पुस्तकं पाठवायची आहेत. चालेल का? आणि कितवीच्या पातळीची? ती तिसरीपर्यंत होती, पण आता अकरा वर्षांची आहे.

---

मेघना_क्षेत्रकार्य

चालेल, पण तुमचं नाव-पत्ता न घालता जिल्हा बाल संरक्षण कक्षामार्फत पाठवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तिला वयाच्या वर्गात बसवतील, म्हणजे पाचवीत, आणि राहिलेलं वेगळं शिकवायला हवं. पाचवीत नाव आणि वाचन दुसरी-तिसरीचं अशी मुलं वर्गात गप्प बसतात. तेव्हा मोठ्या अक्षरांची दोन सोपी पुस्तकं द्या, लवकर संपतील अशी. आणि एक तिच्या वयाचं द्या, जाडसर. ते ती पेटीत ठेवेल.

---

तुर्भे_शिफ्ट

जाडसर पुस्तक माझ्याकडून. माझ्या मुलीने निवडून ठेवलंय, कुठे आणून देऊ ते सांगा.